कोंडवाड्याचा फलक आणि नगरपंचायतीची पावती

गावोगावच्या कोंडवाड्यांच्या भिंती आता ढासळू लागल्या आहेत. मोकाट जनावरांचा उपद्रव कमी झाला असे नव्हे, पण जनावर कोंडून मालकाकडून दंड आणि खुराकी वसूल करण्याची ती जुनी व्यवस्था विस्मरणात गेली आहे. ज्या कायद्यावर ती उभी होती, तो १८७१ मधला. परकीय सरकारने केलेला आणि मुख्यतः पिकांच्या रक्षणासाठी असलेला हा कायदा काही उदार म्हणता येणार नाही. तरीही त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या. दंडाचे आणि खुराकीचे दर कोंडवाड्यापाशी ठळकपणे लावलेले असावेत, ही पहिली. आपले जनावर बेकायदा पकडले असे वाटणाऱ्या मालकाला दहा दिवसांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता यावी, ही दुसरी. आणि तक्रार खरी ठरली तर मालकाला भरपाई मिळावी, ही तिसरी. दर आधी कळणे, दाद मागण्याची जागा ठाऊक असणे आणि चूक यंत्रणेची असेल तर तिचा भुर्दंड यंत्रणेने सोसणे, एवढ्या तीन गोष्टी जमल्या की दंड हा कायद्याचा भाग होतो. त्या नसतील तर पैसे घेणाऱ्याच्या हातात पावतीपुस्तक असूनही नागरिकाच्या मनात तो केवळ भुर्दंडच राहतो.

ही आठवण काढण्याचे कारण म्हणजे नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या गावांचे झालेले रूपांतर. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण राज्य शासनाने २०१४ मध्ये स्वीकारले आणि त्यानंतर निफाडची ग्रामपंचायत जाऊन तेथे नगरपंचायत आली. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले, सरपंचांच्या जागी नगराध्यक्ष आले, सतरा प्रभागांतून सतरा नगरसेवक निवडून देण्याची पद्धत आली. द्राक्षबागांनी आणि उसाच्या मळ्यांनी वेढलेल्या या गावाच्या दैनंदिन जगण्यात मात्र एका रात्रीत फारसा फरक पडला नाही. रस्ते तेच होते, दुकाने तीच होती, ओट्यावर बसणारी माणसेही तीच होती. बदलला तो कायदा. घराचा ओटा किती पुढे घ्यायचा, भाजीची हातगाडी कोठे लावायची, कचरा कोठे टाकायचा, घरपट्टी उशिरा भरली तर काय होईल, या प्रश्नांची उत्तरे ज्या पुस्तकात होती ते पुस्तकच बदलले. किती जणांना ते वाचायला मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

एक तालुका, अनेक नियम

निफाड तालुक्याचा नकाशा पाहिला तर या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येते. निफाडला नगरपंचायत आहे. ओझर आणि पिंपळगाव बसवंत येथे आता नगरपरिषदा आहेत. गोदाकाठच्या चांदोरी, सायखेड्यासारख्या गावांत ग्रामपंचायती आहेत. पश्चिमेला थोड्या अंतरावर नाशिक महानगरपालिकेची हद्द सुरू होते. सायखेड्यात राहणारा, निफाडला दुकान असलेला आणि मालासाठी नाशिकला जाणारा माणूस एकाच दिवसात तीन वेगवेगळ्या कायद्यांच्या अमलाखाली वावरतो. ग्रामपंचायतींचा अधिनियम वेगळा, नगरपरिषदा व नगरपंचायतींचा १९६५ चा अधिनियम वेगळा आणि महानगरपालिकांचा त्याहून वेगळा.

दंडाच्या दरातही हा फरक दिसतो. २०१७ च्या अखेरीस राज्याच्या नगरविकास विभागाने सार्वजनिक अस्वच्छतेबद्दल दंडाचे दर ठरवून दिले. रस्त्यावर कचरा टाकल्यास मोठ्या महानगरपालिकांत १८० रुपये, तर लहान महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या क्षेत्रात १५० रुपये असे ते दर होते. उघड्यावर शौचास बसल्यास मात्र दोन्हीकडे ५०० रुपये. हे आकडे वर्तमानपत्रांत छापून आले, चार दिवस चर्चा झाली आणि पुढे विरून गेली. आपल्या गावाला यांपैकी कोणता दर लागू आहे, तो कोणी घ्यायचा आणि न दिल्यास काय होते, हे सांगणारा कागद रहिवाशाच्या दारापर्यंत पोहोचला नाही.

शिवाय एकाच रस्त्यावरच्या एकाच गैरसोयीमागे अनेक कार्यालये असतात. नाशिकहून निफाड, येवला करीत छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा मार्ग निफाडमधून जातो. अशा मार्गाच्या हद्दीतले अतिक्रमण हा महामार्गाच्या कायद्याचा आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या बांधकाम यंत्रणेचा विषय. त्याच मार्गावर आडवी उभी केलेली मोटार हा पोलिसांचा विषय. दुकानाबाहेर साठलेला कचरा नगरपंचायतीचा. रात्री दहानंतर वाजणारा ध्वनिवर्धक पुन्हा पोलिसांचा. रहिवासी तक्रार घेऊन जातो आणि एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवला जातो, त्याचे मूळ दरवेळी कामचुकारपणातच असते असे नाही. पुष्कळदा ते या वाटणीतच असते. पण ही वाटणी कोणी त्याला आधी समजावून सांगितलेली नसते. म्हणून त्याचा निष्कर्ष एकच असतो, की कोणालाच काही करायचे नाही.

नियम कोठून येतो

दंडाचा विचार करताना तो आकारण्याचा अधिकार कोठून येतो, हे पाहणे आवश्यक ठरते. नगरपंचायतीला स्वतःचे उपविधी करता येतात. पण ते मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर एका दुपारी तयार होत नाहीत. मसुदा तयार व्हावा, सभागृहाने तो ठरावाने मान्य करावा, लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी तो प्रसिद्ध व्हावा, शासनाच्या यंत्रणेची मान्यता मिळावी आणि मगच तो अमलात यावा, असा त्याचा प्रवास असतो. यातला हरकतींचा टप्पा हा नागरिकाचा हक्काचा टप्पा. प्रत्यक्षात तोच सर्वात दुर्लक्षित राहतो. कार्यालयाच्या फलकावर टाचलेली नोटीस किंवा अल्प खपाच्या पत्रातली जाहिरात एवढ्यावर तो उरकला जातो आणि हरकत आली नाही म्हणजे संमती आहे, असे गृहीत धरले जाते.

केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी नागरी स्थानिक संस्थांना असे उपविधी करण्यास, जागच्या जागी घ्यायच्या दंडाचे निकष ठरवण्यास आणि तो घेण्याचे अधिकार अधिकाऱ्यांना देण्यास सांगितले. राज्याने २०१९ मध्ये त्यासाठी नमुना उपविधी पुढे केले. नमुना उपविधींचा लाभ उघड आहे. कायद्याची जाण असलेला स्वतंत्र विभाग बाळगण्याची ऐपत छोट्या नगरपंचायतीकडे नसते. पण तोटाही तेवढाच खरा आहे. बाहेरून आलेला आराखडा जसाच्या तसा स्वीकारला गेला की गावाने आपल्या गरजेचा विचार करण्याचे राहूनच जाते. द्राक्षाच्या हंगामात पेट्या, कागद आणि प्लास्टिक यांचा होणारा कचरा, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी अडणारा रस्ता किंवा आठवडे बाजार उठल्यावर मागे राहणारा भाजीपाला, या प्रश्नांचे स्वरूप मुंबई-पुण्याच्या उपविधीत सापडणार नाही.

ग्रामपंचायत असताना एक सोय होती. ग्रामसभा कायद्याने बांधलेली होती. ती कितीही गोंधळाची झाली, कितीदा कोरमअभावी तहकूब झाली, तरी उभे राहून प्रश्न विचारण्याची ती जागा होती. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा संपली. नागरी भागासाठी क्षेत्रसभेची कल्पना २००९ च्या कायदादुरुस्तीने पुढे आणली खरी, पण ती लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही. परिणामी गावाचे शहर होताना नागरिकाच्या वाट्याला अधिक नियम आले आणि विचारण्याची जागा मात्र कमी झाली. दंडाविषयीच्या असंतोषाचे मूळ दराइतकेच येथेही शोधले पाहिजे.

दंड, तडजोड आणि शास्ती

सामान्य बोलण्यात या सर्व वसुलीला ‘दंड’ हा एकच शब्द वापरला जातो. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाने दोषी ठरवून सुनावलेला दंड ही पहिली. खटला न भरण्याच्या बदल्यात जागच्या जागी घेतलेली तडजोडीची रक्कम ही दुसरी. आणि कर किंवा परवानगी यांबाबत चूक झाल्यास कराबरोबर आकारली जाणारी शास्ती ही तिसरी.

यातला फरक कागदापुरता नाही. जागच्या जागी पैसे भरणारा माणूस एका अर्थाने चूक मान्य करून प्रकरण मिटवत असतो. तो पैसे भरण्यास नकार देऊ शकतो. तसे झाल्यास यंत्रणेने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जावे आणि चूक सिद्ध करावी, हा मार्ग उरतो. निफाडला न्यायालय असल्याने तो मार्ग फार लांबचाही नाही. पण दीडशे रुपयांसाठी दिवसाची मजुरी बुडवून न्यायालयात कोण जाईल? म्हणून बहुतेक जण पैसे देतात, काही जण ओळख सांगतात आणि थोडे वाद घालतात. कायद्याने दिलेला नकाराचा हक्क अशा रीतीने केवळ कागदावर राहतो.

शास्तीची गोष्ट याहून शांतपणे घडते. तेथे कोणी रस्त्यात अडवत नाही, आवाज चढत नाही. मालमत्ता कर वेळेत भरला नाही तर नगरपरिषदा व नगरपंचायतींच्या कायद्यानुसार थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. वर्षाचा हिशेब केला तर ती चोवीस टक्के होते. अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. हा शेवटचा भाग अनेकांना ठाऊक नसतो. ‘आम्ही दंड भरला आहे’ असे सांगून लोक निश्चिंत राहतात आणि पुढे पाडकामाची नोटीस आली की फसवणूक झाल्याची भावना होते. येथे फसवणूक कोणी केलेली नसते. समजावून सांगण्याचे काम मात्र कोणी केलेले नसते.

रकमेचा भार प्रत्येकावर सारखा पडत नाही, हेही विसरता कामा नये. राज्याने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षी जूनच्या २३ तारखेपासून तिचा कडक अंमल सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये आणि तीन महिन्यांचा कारावास अशी ती चढती भाजणी होती. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या मापाने पाच हजार म्हणजे सोळा दिवसांच्या मजुरीहून अधिक. पिशव्यांच्या घाऊक व्यापाऱ्याला ही रक्कम धंद्याचा खर्च म्हणून सोसता येते. कोथिंबिरीची जुडी पिशवीत घालून देणाऱ्या बाईला ती सोसता येत नाही. अशा वेळी अंमल करणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे दोनच पर्याय राहतात. एक तर डोळेझाक करणे, नाहीतर पावतीविना काही घेऊन सोडून देणे. अवाजवी मोठा दंड हा अनेकदा न होणारा दंड असतो, आणि न होणाऱ्या दंडाच्या आडोशालाच दुसरे व्यवहार वाढतात.

ओळखीचे गाव

मोठ्या शहरात दंड घेणारा आणि देणारा बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. निफाडसारख्या गावात तसे नसते. पावतीपुस्तक घेऊन फिरणारा कर्मचारी कोणाचा तरी भाचा असतो, दुकानदार कोणा नगरसेवकाचा मतदार असतो आणि ओटा पुढे घेणारा कदाचित त्याच कर्मचाऱ्याच्या शाळेतला मास्तर असतो. या ओळखीमुळे गावात माणुसकी टिकते, हे खरेच. पण नियमाच्या अंमलबजावणीत तीच ओळख अडसर होते. ज्याला ओळख आहे त्याला समज दिली जाते आणि ज्याला ओळख नाही त्याला पावती. परगावहून आलेला फेरीवाला, हंगामापुरते आलेले मजूर कुटुंब, भाड्याच्या खोलीत राहणारा विद्यार्थी हे साहजिकच दुसऱ्या गटात मोडतात.

यावर बाहेरची माणसे आणून दंडवसुली करावी, असा उपाय सुचवला जातो. मुंबई महानगरपालिकेने तो करून पाहिला आहे. खासगी संस्थांमार्फत नेमलेले ‘क्लीन-अप मार्शल’ तेथे अनेकदा आले आणि गेले. वसूल झालेल्या दंडात संस्थेचा निम्मा वाटा, अशी त्यामागची व्यवस्था होती. दमदाटीच्या आणि पावतीविना वसुलीच्या तक्रारी वाढल्या. २०२४ मध्ये नव्याने सुरू झालेली ही सेवा एप्रिल २०२५ मध्ये पालिकेला बंद करावी लागली. त्यातून निघणारा बोध सरळ आहे. दंड घेणाऱ्याचे उत्पन्न दंडावर अवलंबून ठेवले की त्याचे लक्ष स्वच्छतेकडून वसुलीकडे वळते. रस्ता स्वच्छ झाला तर त्याचा धंदाच बसतो. ओळखीच्या गावातला पक्षपात टाळण्यासाठी अनोळखी माणसाला हिस्सेदार करणे हे आगीतून फुफाट्यात पडण्यासारखे होय.

खरा उपाय माणूस बदलण्यात नसून त्याच्या हातातला कागद बदलण्यात आहे. रस्त्यावरच्या विक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असे तो सांगतो. शहर फेरीवाला समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, असेही सांगतो. स्थलांतर करायचे तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याच्या हातात दिली पाहिजे. त्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामाच्या दिवसांत परत केला पाहिजे. दंडाची कमाल मर्यादा दोन हजार रुपये. द्राक्षे आणि भाजी विकणाऱ्यांच्या प्रदेशात नाशवंत मालाच्या त्या एका ओळीचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको. संध्याकाळपर्यंत अडवून ठेवलेली द्राक्षाची पाटी परत मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.

बांधकामांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी अशीच चौकट घालून दिली. पाडकामापूर्वी किमान पंधरा दिवसांची नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी आणि कारणे नमूद केलेला आदेश या गोष्टी तिने बंधनकारक केल्या. रस्ता, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना हे संरक्षण नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. वाहनांच्या ई-चलनासाठी २०२१ च्या नियमदुरुस्तीने पंधरा दिवसांत सूचना पाठवण्याची आणि छायाचित्रासारखा पुरावा जोडण्याची अट घातली. तीन वेगळ्या क्षेत्रांतले हे तीन दाखले एकच सांगतात. शिक्षा कितीची, यापेक्षा ती कोणत्या रीतीने झाली याला कायदा अधिक महत्त्व देऊ लागला आहे. कचऱ्याच्या दीडशे रुपयांपर्यंत ही रीत अजून पोहोचायची आहे.

दंड दुसऱ्या बाजूलाही

नागरिकाला दंड करणाऱ्या यंत्रणेवरही दंडाची तरतूद आहे, ही बाब फारशी चर्चिली जात नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार माहिती विनाकारण दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. राज्याच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणजे उपविधीची प्रत, दंडाच्या दराचे पत्रक, वर्षभरात किती पावत्या फाडल्या आणि त्या पैशाचे काय झाले, हे विचारण्याचे साधन रहिवाशाच्या हाती आहे. दहा रुपये शुल्काचा अर्ज त्यासाठी पुरेसा होतो.

परंतु प्रत्येक वेळी अर्ज करावा लागणे हेच व्यवस्थेचे अपयश म्हटले पाहिजे. निफाडच्या आकाराच्या गावात हे सारे अर्जाविना करता येण्याजोगे आहे. नगरपंचायतीच्या दारात आणि बाजाराच्या तोंडाशी दंडाच्या दरांचा मराठी फलक लावता येईल. पावतीवर उपविधीचे कलम, चुकीचे वर्णन, वेळ, जागा आणि कर्मचाऱ्याचे नाव छापता येईल. त्याच पावतीच्या पाठीमागे, हरकत असल्यास कोणाकडे आणि किती दिवसांत जावे, हे दोन ओळींत सांगता येईल. महिन्याची वसुली फलकावर लिहिता येईल. त्या पैशातून कोणत्या चौकात कचराकुंडी आली आणि कोठे स्वच्छतागृह झाले, हेही त्याखाली लिहिता येईल. स्वच्छतागृहच नसेल तेथे उघड्यावर गेल्याचा दंड घेणे कायद्यात बसत असेलही, न्यायात बसणारे नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही, शासनाचे अनुदानही लागत नाही. एक रंगारी, एक छापखाना आणि सभागृहाचा एक ठराव एवढ्यावर ते भागते. असे असूनही ते होत नाही, याचे कारण खर्चात नाही. दर उघड झाले की सूट देण्याची मुभा जाते. कलम छापले की दमात घेण्याची सोय जाते. अपील करण्याची जागा सांगितली की ‘साहेबांना भेटा’ हा जुना रस्ता बंद होतो. अस्पष्टतेत ज्यांचा लाभ असतो, ते सारेच कार्यालयात बसलेले नसतात. ओळखीवर पावती टाळणारा नागरिकही त्यांच्यातलाच एक असतो. म्हणूनच फलक लावण्याची मागणी जेवढ्या जोराने व्हायला हवी तेवढी होत नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. १८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसले. त्यांच्या नावाचा अभिमान गावाला आहे आणि तो असायलाच हवा. पण न्याय ही गोष्ट केवळ उच्च न्यायालयात घडत नसते. भर बाजारात, उन्हात उभ्या असलेल्या एखाद्या विक्रेत्याला आपण नेमके काय चुकलो, किती द्यायचे आणि पटले नाही तर कोठे जायचे हे कळते की नाही, यावरही तिची परीक्षा होत असते. १८७१ च्या कोंडवाड्याने एका बैलाच्या मालकाला जे सांगणे आवश्यक मानले, ते आजच्या नगरपंचायतीने आपल्या रहिवाशाला सांगावे, ही अपेक्षा काही अवास्तव म्हणता येणार नाही.